पोस्टरसमोरचा माणूस : युद्धभरतीची जुनी चित्रे आणि आपल्या भिंती



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि छापील चित्राला कधी कमी लेखले नाही. कॅलेंडरवरची लक्ष्मी, औषधाच्या बाटलीवरचे लेबल, सिनेमाचे पोस्टर यांतले काहीही ते वर्गात आणत आणि रेषा कुठे थांबली, रंग कुठे दुसऱ्या रंगावर चढला हे विद्यार्थ्यांना दाखवत. त्यांच्या नावाने बोलायचे तर छापील चित्रावरच बोलावे असे मला वाटले. विषय निवडला तो मात्र जरा अवघड आहे. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी छापलेली पोस्टर्स आज कलाकृती म्हणून विकली जातात, फ्रेम होऊन घराघरांत जातात. त्यांच्याकडे पाहायचे कसे?

ही चित्रे तुम्ही पाहिली आहेत. भरघोस मिशांचा एक लष्करी अधिकारी थेट आपल्याकडे बोट रोखून आहे, तो ब्रिटनचा युद्धमंत्री लॉर्ड किचनेर. उंच टोपी आणि पांढरी दाढी असलेला म्हातारा तसेच बोट रोखतो, तो अमेरिकेचा अंकल सॅम. कॅफेच्या भिंतींवर, हॉटेलांच्या खोल्यांत, हौशी माणसांच्या अभ्यासिकेत ती दिसतात. याचे एक साधे कारण कायद्यातले आहे. शंभर वर्षे उलटल्याने बहुतेकांवरचा स्वामित्वहक्क संपला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संस्थांनी त्यांच्या मोठ्या, स्वच्छ प्रतिमा सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. कोणीही त्या उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, विकाव्यात. दुसरे कारण त्या चित्रांच्या देखणेपणात आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. ती देखणी का झाली, हे पाहण्यासाठी थोडे छापखान्यात जाऊ या.

त्या काळी मोठे रंगीत चित्र छापायची रीत शिळाछापाची होती. बव्हेरियातल्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, तेही उलटे. शिळा ओली करायची. तेल पाण्याला दूर सारते, म्हणून शाई फक्त खडूच्या खुणांवर बसते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा किंवा जस्ताचा पत्रा लागे. रंग वाढले की खर्च वाढे आणि वेळही. आपल्याला हे तंत्र परके नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत उभा राहिला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या देवदेवतांच्या चित्रांमागे हेच तंत्र आणि जर्मन कारागिरांचा हात होता. फरक घाईचा. मळवलीचा कारागीर एका सरस्वतीच्या साडीसाठी अनेक शिळा वापरी. लंडनच्या कारागिराला आठवडाभरात हजारो प्रती स्टेशनांवर आणि टाउन हॉलच्या भिंतींवर पोहोचवायच्या असत. म्हणून तीन-चार सपाट रंग, जाड बाह्यरेषा, मोठी अक्षरे, आणि रस्त्यापलीकडून कळेल अशी एकच आकृती. आज ज्याला आपण त्या पोस्टर्सची शैली म्हणतो, ती निम्म्याहून अधिक या घाईतून आणि काटकसरीतून आली.

पण ती चित्रे मुळात का लागली? जर्मनी आणि फ्रान्समध्ये लष्करी सेवा कायद्याने सक्तीची होती. तिथल्या तरुणाला हुकूम येई, चित्र दाखवायची गरज नसे. तिथल्या नामांकित चित्रकारांनी युद्धकाळात पोस्टर्स केली ती मुख्यतः युद्धकर्जासाठी. फ्रान्सच्या आबेल फेव्हरचा हात उंचावून पुढे धावणारा सैनिक १९१६ चा आहे आणि जर्मनीच्या फ्रिट्झ एर्लरचा लोखंडी शिरस्त्राणातला सैनिक १९१७ चा. दोघेही नागरिकांकडे पैसे मागतात. ब्रिटनमध्ये १९१४ साली सक्ती नव्हती. तिथे सरकारला माणूस मागावा लागला. मी आज जे सांगणार आहे त्याचे मूळ इथे आहे. भरतीचे पोस्टर ही अशा राज्यसत्तेची कला आहे, जिला सक्ती अजून करता येत नाही आणि माणसे तर हवी आहेत. म्हणून त्या चित्राचा खरा विषय चित्रात नसतो. तो चित्रासमोर फुटपाथवर उभा असतो. तो अजून गेलेला नाही, आणि कदाचित जाणार नाही.

हे लक्षात ठेवून किचनेरचे चित्र पाहा. ते आल्फ्रेड लीट या चित्रकाराचे. ५ सप्टेंबर १९१४ च्या ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ म्हणून ते आधी छापले गेले, पोस्टर नंतर झाले. त्याचा मूळ कागद आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. बोट पुढून पाहिल्यासारखे आखूड केलेले, नजर सरळ, पार्श्वभूमी कोरी. तुम्ही डावीकडे सरका, उजवीकडे सरका, बोट तुमच्यावरच राहते. कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराने या बोटाचा माग पार प्राचीन ग्रीसपर्यंत काढला आहे. तिथल्या अपेलीझ या चित्रकाराने रंगवलेल्या अलेक्झांडरची बोटे चित्राबाहेर आल्यासारखी भासत, असे रोमन लेखक प्लिनी लिहून गेला, आणि पुढे युरोपच्या धार्मिक चित्रांतला आशीर्वादाचा हात त्याच युक्तीने पाहणाऱ्याकडे वळला. आशीर्वाद देणारा हात भरतीसाठी आला ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लीटला ही वंशावळ ठाऊक असण्याची गरज नव्हती. हाताची जुनी ताकद त्याच्यापर्यंत आली होती, एवढे पुरे.

आता एक तारीख बघा. ब्रिटनमध्ये एका दिवसात सर्वाधिक माणसे भरती झाली ती ३ सप्टेंबर १९१४ रोजी, ३३ हजारांहून अधिक. लीटचे मुखपृष्ठ अजून बाजारात यायचे होते. त्या सबंध सप्टेंबरात साडेचार लाखांहून जास्त लोक आले, आणि त्यानंतर ओघ आटत गेला. फ्रान्समधून माघारीच्या बातम्या आल्या होत्या, मित्र मित्रांबरोबर जात होते, कित्येकांचा रोजगार बुडाला होता. पहिल्या लाटेतली माणसे चित्र पाहून आलेली नव्हती. चित्राने माणसे आणली ही दंतकथा नंतर तयार झाली, आणि आजचे प्रिंट विकणारे तीच सांगतात. मला मात्र उलटा क्रम अधिक बोलका वाटतो. माणसे येईनाशी झाली तशी चित्रे बोलकी आणि कठोर होत गेली.

संसदेतल्या सर्व पक्षांनी मिळून चालवलेल्या भरती समितीने दीड-दोन वर्षांत शंभरावर निरनिराळी पोस्टर्स काढली. सुरुवातीच्या पोस्टर्सपैकी कित्येकांत नुसती अक्षरे होती : राजा, देश, वयाची अट, नाव नोंदवायचे ठिकाण. डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांनी स्कारबरो या किनाऱ्यावरच्या गावावर तोफा डागल्या आणि पोस्टरांत उद्ध्वस्त घरे आली. मे १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ ही प्रवासी बोट जर्मन पाणबुडीने बुडवली, आणि बर्नार्ड पार्ट्रिजने समुद्रावर तलवार उचलणारी न्यायदेवता काढली. त्याच वर्षी ई. जे. कीलीने खिडकीशी उभ्या स्त्रिया काढल्या. त्यांना एक मूल बिलगले आहे, बाहेर सैनिक कूच करत आहेत, आणि ब्रिटनच्या स्त्रिया ‘जा’ म्हणत आहेत असे चित्रावर लिहिले आहे. राजा आणि देश मागे पडले. हाक आता घराच्या आतून येऊ लागली.

आणि मग सॅव्हिल लम्लीचे चित्र. माझ्या मते या सगळ्या ढिगातले हे सर्वांत कुशल आणि सर्वांत निर्दय चित्र आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. युद्ध संपून गेल्यानंतरची एक उबदार बैठक. आरामखुर्चीत चांगल्या कपड्यांतला बाप. मुलगी त्याच्या मांडीवर बसली आहे, पुस्तक उघडे आहे, त्यातल्या ओळीवर बोट ठेवून ती विचारते, बाबा, त्या महायुद्धात तुम्ही काय केलेत? मुलगा खाली गालिच्यावर खेळण्यातले शिपाई मांडतो आहे. बापाचे लक्ष दोघांकडेही नाही. तो चित्राबाहेर, आपल्याकडे पाहतो, आणि त्याच्यापाशी उत्तर नाही. रचना पाहा. रक्त नाही, शत्रू नाही, झेंडा नाही. सगळे बळ दोन मुलांच्या निरागसपणात साठवले आहे. ही कल्पना छापखान्याचा एक चालक आर्थर गन याला सुचली, आणि तो प्रश्न त्याने आधी स्वतःला विचारला होता, असे सांगतात.

चित्रकलेच्या दृष्टीने आणखी एक धाडस इथे आहे. १९१५ साली युद्ध कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. चित्र मात्र जिंकून झाल्यानंतरच्या घरात बसले आहे. ज्या भविष्यकाळाची खात्री सेनापतींना नव्हती, त्या भविष्यकाळातून ते वर्तमानातल्या तरुणाला लाज आणते. स्कॉटलंडच्या खाणकामगारांचे पुढारी रॉबर्ट स्माइली युद्धाच्या विरोधात होते. आपल्या लेकीने असे विचारले तर आपण ते थांबवायचा प्रयत्न केला असे सांगू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. या पोस्टरवर त्याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. चित्राने एकच उत्तर गृहीत धरले होते. स्माइलींनी दुसरेही उत्तर असू शकते हे दाखवले.

सुमारे पंचवीस लाख माणसे स्वेच्छेने आली. तीही कमी पडली. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि त्या समितीच्या पोस्टर्सचे काम संपले. हुकूम काढता आला, तशी आर्जवे थांबली.

या चित्रांची कला म्हणून पारख आज सुरू झालेली नाही. १९२० मध्येच मार्टिन हार्डी आणि आर्थर सॅबिन या दोन जाणकारांनी युद्धपोस्टर्सवर पुस्तक काढले आणि ब्रिटनच्या सरकारी भरतीच्या पोस्टर्सना कलेच्या कसोटीवर फारसे गुण दिले नाहीत. त्यांनी मान दिला तो फ्रँक ब्रँग्विनसारख्यांना. ब्रँग्विन स्वतः शिळेवर काम करणारा चित्रकार, आणि त्याच्याकडून काम घेतले लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फ्रँक पिकने. समितीची पोस्टर्स पिकला पसंत नव्हती. ब्रँग्विनच्या काळ्या, धुरकट शिळाछापांत युद्ध चिखलाचे आणि ओझ्याचे दिसते. माझी पसंती हार्डी-सॅबिन यांच्याशी अर्धीच जुळते. कारागिरीत ब्रँग्विन श्रेष्ठ, यात शंका नाही. पण पोस्टरचे काम पाहणाऱ्याच्या मनात शिरण्याचे असते, आणि तिथे लम्लीची साधारण रेषाही पुढे जाते.

अमेरिकेतले एक चित्र मात्र या दोन्ही कसोट्यांना उतरते. बोस्टनच्या फ्रेड स्पिअरने ‘लुसिटानिया’नंतर काढलेले. हिरवट खोल पाणी. पांढऱ्या झिरझिरीत वस्त्रातली तरुण आई खाली जाते आहे, तान्हे मूल छातीशी घट्ट, केस वर तरंगत. खाली एकच शब्द, भरती व्हा. कोणता देश, कोणता शत्रू, काही सांगितलेले नाही. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. हे चित्र पाहिल्यावर रात्री झोप लागत नाही, आणि मला वाटते त्याची तीच योग्यता आहे. बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर, ते कोण लावील? अंकल सॅमचे मात्र लोक लावतात. जेम्स माँटगोमेरी फ्लॅगचे ते चित्र १९१६ मध्ये ‘लेस्लीज वीकली’च्या मुखपृष्ठावर आले, पुढच्या वर्षी पोस्टर झाले, आणि युद्ध संपेपर्यंत त्याच्या चाळीस लाखांवर प्रती निघाल्या. चेहरा फ्लॅगने स्वतःचाच घेतला, वर दाढी आणि सुरकुत्या चढवल्या. लीटचे ऋण त्यात उघड आहे. १९२० साली रशियाच्या यादवी युद्धात दिमित्री मोरने लाल रंगातला एक सैनिक तसाच बोट रोखून उभा केला. राजाचे बोट, लोकशाहीचे बोट, क्रांतीचे बोट. समोर उभा असलेला तरुण तिन्ही ठिकाणी तोच, विशीतला.

आता आपल्याकडे येतो, कारण या गोष्टीत आपण खरोखर आहोत. किचनेर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. मुंबईच्या जुन्या पलटणींना नवे क्रमांक मिळाले ते त्यांच्या १९०३ च्या फेररचनेत. तिसरी पलटण १०३ वी झाली, दहावी ११० वी, सतरावी ११७ वी. याच तीन मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याने उपासमारीने शरणागती पत्करली. तेव्हा किचनेर लंडनला युद्धमंत्री होते. पाच-सहा आठवड्यांनी, ५ जूनला, त्यांचे जहाज ऑर्कनीजवळ बुडाले आणि तेही गेले. म्हणजे ज्या बोटाची प्रिंट आपण हौसेने लावतो, ते सातारा-रत्नागिरीच्या घरांना अगदी अनोळखी नाही.

आपल्या शिपायांपर्यंत मात्र हे चित्र पोहोचले नव्हते. १९११ च्या जनगणनेत लिहिता-वाचता येणारे शंभरात सहा. भरती चालली ती सुटीवर आलेल्या हवालदाराच्या तोंडून, पाटलामार्फत, नात्यागोत्यातून, आणि पंजाबात कित्येक ठिकाणी दडपशाहीने. युद्धाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे गेली. चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परतली नाहीत. तरी इथल्या भाषांतही काही पोस्टर्स निघाली. इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये एक उर्दू पोस्टर आहे. ही वर्दी, हे पैसे आणि ही बंदूक कोण घेणार, असे ते विचारते, आणि उत्तर देते, जो फौजेत भरती होईल तो. लम्लीच्या चित्राशेजारी हे ठेवा. लंडनच्या बापापुढे साम्राज्याने त्याची सदसद्विवेकबुद्धी उभी केली. आपल्या माणसापुढे पगार ठेवला. पायदळाच्या शिपायाला महिना अकरा रुपये मिळत. ज्याला मताचा अधिकार नाही, त्याच्यापुढे नागरिकाचे कर्तव्य मांडायचे कसे, हा प्रश्न त्या पोस्टरने विचारायचेच टाळले.

टिळकांनी तो प्रश्न उघड विचारला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले, आणि टिळक सभा सोडून गेले. माणसे द्यायला त्यांची ना नव्हती. हिंदी माणसाला लष्करात अधिकारपद मिळणार असेल तर पाच हजार माणसे उभी करतो, म्हणून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश हमी म्हणून पाठवला होता. गांधीजींनी तो परत केला. ते स्वतः त्याच उन्हाळ्यात खेडा जिल्ह्याच्या गावागावांतून भरतीसाठी पायपीट करत होते.

आणि एक समूह असा होता, ज्याने भरती व्हायचे म्हटले तरी दार बंद होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात पिढ्यान् पिढ्या लढलेल्या महारांना १८९० च्या दशकात लढाऊ जमातींच्या सिद्धांताखाली सैन्यातून वगळण्यात आले. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा केला. ते अर्ज मी त्या बोटासमोर ठेवून वाचतो, आणि चित्र उलटे फिरते. लंडनमध्ये सरकार तरुणाची विनवणी करत होते. इथे तरुणाचे वडीलधारे सरकारची विनवणी करत होते, आणि नकार सरकार देत होते. माणसे कमी पडल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली. १९२१ मध्ये ती मोडली. कायमची रेजिमेंट यायला १९४१ उजाडले, दुसरे युद्ध पेटले होते आणि डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक समितीवर होते. या माणसांसाठी कोणी पोस्टर काढले नाही. त्यांच्या अर्जांचे कागद हीच या विषयातली आपली सर्वांत मोठी चित्रे आहेत असे मी मानतो.

मग ही प्रिंट भिंतीवर लावायची की नाही? जरूर लावा. मी स्वतः लावली आहेत. छापील चित्र घरात यावे, मुलांच्या नजरेसमोर असावे, हे सरांनीच शिकवले. फक्त चित्र पुरे लावा. बाजारात मिळणाऱ्या प्रतींमध्ये बहुधा खालची पट्टी कापलेली असते. मूळ पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत समितीचे नाव, पोस्टरचा क्रमांक, छापखान्याचे नाव आणि पत्ता असे. ती पट्टी गेली की हे पोस्टर कोणी, कोणाकडे, कशासाठी पाठवले ते गेले, आणि उरतो मिशांचा एक रुबाबदार माणूस. आकारही जातो. ब्रिटिश पोस्टरचा नेहमीचा कागद वीस इंच बाय तीस इंच, लम्लीच्या बापाची नजर त्याच मापात नजरेला भिडते. चित्र पोस्टकार्डाएवढे केले की त्याची लाज कोणाला दिसत नाही. कृत्रिम पिवळेपणा आणि खोटे डाग छापलेली प्रत तर घेऊच नका. ते पोस्टर लागले त्या दिवशी त्याचा लाल रंग ओला आणि भडक होता. ते जुने नव्हते, आणि समोरचा मुलगाही जुना नव्हता.

अस्सल प्रत आहे असे कोणी म्हणाले तर भिंग लावून पाहा. आजच्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके एकसारख्या फुलासारख्या नक्षीत दिसतात. शिळाछापात खडूचे दाणे दिसतात, वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, आणि मोठ्या रंगपट्ट्या सलग. घड्यांच्या खुणा असतील, कारण ही पोस्टर्स घडी घालून टपालाने जात. त्या खुणा दोष मानू नका.

शेवटी या सभागृहाकडे एक मागणी आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या भागांतून दोन्ही महायुद्धांत माणसे गेली, आणि त्यांच्या मागे कागद राहिले आहेत. भरतीचे हस्तपत्रक, युद्धकर्जाची जाहिरात, पेन्शनीचे पत्र, पलटणीचे कॅलेंडर. मराठीत छापलेला असा एखादा कागद तुमच्या पेटीत, माळ्यावर, जुन्या वहीत असेल तर तो सेलोटेपने चिकटवू नका, लॅमिनेट करू नका. पुढची आणि मागची दोन्ही बाजू दिवसाच्या उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, कडेची छापखान्याची ओळ त्यात आली पाहिजे. ज्यांच्याकडून तो घरात आला त्या आजोबा-पणजोबांचे नाव, गाव आणि पलटण वेगळ्या कागदावर लिहा, आणि ते सगळे या ग्रंथालयाच्या टेबलावर आणून द्या. प्रत घेऊन मूळ कागद तुम्हाला परत करण्याची जबाबदारी मी घेतो.